राजय्या जॉबरची कवळी

२०१८ साली मी एक्काहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या तोंडातले वरचे पुढचे चार दात खोटे होते. राजय्या जॉबर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, आणि त्याच्या तोंडात एकही दात खरा नव्हता. ह्या गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय ते सगळं तोंडाच्या आतलं आहे, आणि आम्ही दोघंही तोंडाच्या आतलं कुणाला दाखवणाऱ्यातले नव्हतो.

माझं शिक्षण वैरागच्या शाळेत चौथीपर्यंत. लिहिण्यात चूक निघाली तर निघू दे. राजय्याला मी ओळखत होतो, चूक काढणारा ओळखत नव्हता.

जॉबर म्हणजे काय ते आताच्या पोरांना ठाऊक नसतं. चादरीच्या कारखान्यात मागावर उभा राहून विणणारा तो कामगार, आणि ते माग लावणारा, अडले की चालू करणारा तो जॉबर. मी कामगार. माझे माग राजय्याच्या हाताखाली. बुटका, रुंद खांद्याचा माणूस, अंगात बाह्यांची बनियन, आणि पँटच्या मागच्या खिशात फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बारीक कानस. ती कानस त्यानं दुसऱ्याच्या हातात दिलेली मी कधी पाहिली नाही. माग अडला की दुसरे जॉबर हातोडी शोधायचे. राजय्या आधी मागावर पालथा हात ठेवून डोळे मिटून उभा राहायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. मग विचारायचा, धोटा कुटं धरतोय?

धोटा म्हणजे होडीसारखा लाकडाचा तुकडा. सुताची कांडी पोटात घेऊन तो ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडं पळतो. त्याच्या अंगावर कुठं केसाएवढं कुसळ उठलं तरी ते धागा धरतं, धागा तुटतो आणि चादरीला भोक पडतं. राजय्या धोटा बोटांत फिरवायचा. बोटाला सापडलं नाही तर ओठावरून फिरवायचा. सापडलं की कानशीचे दोन हात, वरून पॉलिश पेपर, आणि माग चालू. "जितं लागतंय तितं घासायचं. मशीन खोटं बोलत न्हाय," हे त्याचं ठरलेलं बोलणं. मागालाच नव्हे, सगळ्याला. पोराच्या लग्नात व्याह्यांनी मानपानावरून तोंड फुगवलं, तेव्हा भर मांडवात म्हणाला, कुटं लागतंय तेवढं दाखवा, घासून घेऊ. व्याही हसले आणि जेवायला बसले.

माज होता त्याला. मालकानं कधी बाहेरचा मिस्त्री आणला, तर हा घरी बसायचा आणि निरोप पाठवायचा की तो मिस्त्री गेल्यावर बोलवा. आणि बोलवावं लागायचं. मला ते आवडायचं. माज नसलेला कारागीर मला कधी भरवशाचा वाटला नाही.

मला तो नावानं कधी बोलावत नसे. गावावरून 'वैराग' म्हणायचा. ए वैराग, इकडं ये. मीही त्याला जॉबरच म्हणायचो. घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी आमच्यासारखं.

दात कसे गेले ते सांगतो. धोट्याला बाजूला एक बारीक डोळा असतो. कांडी बदलली की नव्या सुताचं टोक त्या डोळ्यातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी आकडा मिळायचा, पण आकड्यानं वेळ जातो. आम्ही सगळे डोळ्याला तोंड लावायचो. एक दम आत ओढला की सूत जिभेवर. सुताबरोबर धूळ, खळ, रंग सगळं आत. लाल चादर चालू असली की थुंकी लाल. सूत तोडायचं तेही दातानं, कात्रीला हात लावणारा नवखा समजला जायचा. त्यात राजय्याची तंबाखू. चुन्यात मळून डाव्या गालात धरायची, ती संपली की दुसरी तिथंच. साठी यायच्या आत त्याचे दात हलायला लागले. हलला की त्याला सुताचा फास टाकून तोच ओढून काढायचा. उरलेसुरले दवाखान्यात काढले.

मग काही महिने तो तोंडावर टॉवेल धरून बोलायचा. त्याची बायको नरसव्वा घरी विड्या वळायची. हात चालतच असायचे आणि तोंडही. मला म्हणायची, अण्णा, म्हातारपणी नवरा मिळाला तो नवरीसारखा, घुंगटाशिवाय बोलत नाही.

कवळी बसली त्या दिवशी त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना भोवती बसवलं. नरसव्वानं दिलेली कडक भाकरी काढली, तीसुद्धा मुद्दाम चांगली पापडासारखी वाजणारी, वर शेंगाची चटणी घेतली आणि चावायला सुरुवात केली. पहिल्या दोन घासांत चटणीचे कण कवळीखाली शिरले असणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी म्हणालं, जॉबर, पाणी घे. त्यानं मान हलवली आणि अख्खी भाकरी संपवली. मग उठून मागाजवळ गेला, एक धोटा उचलला, डोळ्याला तोंड लावून दम ओढला आणि जिभेवरचं सूत आम्हाला दाखवलं. टाळ्या पडल्या. संध्याकाळी त्याच्या हिरडीवर फोड आले होते, हे मला पुढं कितीतरी दिवसांनी नरसव्वाकडून कळलं.

कवळी देणाऱ्या डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं. नरसव्वा बरोबर गेली होती, तिनं सगळं ध्यानात ठेवलं. रात्री झोपताना काढून पाण्यात ठेवायची, हिरडीला मोकळं ठेवायचं, रोज ब्रशनं घासायची, कुठं टोचलं तर येऊन दाखवायचं, घरी हात लावायचा नाही, आणि तंबाखू बंद. राजय्यानं यातलं एकही केलं नाही. घातली ती घातली. झोपेत तोंडात, तापात तोंडात. न्हाणीची कडी लावायची, आत चूळ भरायची, बाहेर येताना दात जागेवर. नरसव्वानं एकदा दाखवा म्हटलं, तर म्हणाला, मी मेल्यावर बघ.

तंबाखूनं दात पिवळे पडले, हिरवट काळे डाग आले. त्याला ते बघवेना. कारखान्यात सूत पांढरं करायला पावडर असायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर तो आला तर दात नव्या चादरीसारखे पांढरे, पण कवळीची लाल हिरडीसुद्धा पार पांढरी फटक. बोलला की तोंडात चुना फासल्यासारखं दिसायचं. आम्ही हसलो, तोही हसला. आठवडाभर ताकाशिवाय काही पोटात गेलं नाही त्याच्या. ओठांचे दोन्ही कोपरे चिरले आणि ते पुन्हा कधी नीट भरले नाहीत. जांभई देताना तो एक हात आडवा धरायचा, लोकांना वाटायचं रीत पाळतोय.

आणि टोचायला लागलं की कानस. हे मी पहिल्यांदा बघितलं ते चुकून. गोदामाच्या मागं कापसाच्या गाठींआड तो पाठमोरा बसला होता, एका हातात खालची कवळी, दुसऱ्या हातात कानस. मला बघून त्यानं आधी टॉवेल तोंडावर घेतला. मग म्हणाला, आलाच हायस तर बघ, पण बोलू नको. त्यानं पुडीतली कपड्याला लावायची नीळ घेतली, बोटावर ओली केली, टॉवेलाआड हिरडीवर जिथं दुखत होतं तिथं लावली, कवळी घातली, दाबली, काढली. कवळीच्या आतल्या अंगाला निळा ठिपका उमटला होता. मशीनच्या दोन भागांत कुठं घासतंय ते शोधायला फिटर रंग लावतो, तीच ही रीत. त्यानं तो ठिपका घासला, पॉलिश पेपर मारला, परत घातली. चावून बघितलं. दुखायचं थांबलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर माग सुरू झाल्यावर यायचं तेच समाधान.

ही गोष्ट लपून राहिली नाही. आम्ही दोघं कारखान्यातून सुटलो, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एकाच गल्लीत राहायला आलो, तोवर तो कवळीचा जॉबर म्हणून ठाऊक झाला होता. गल्लीतल्या म्हाताऱ्या पदराखाली कवळ्या घेऊन यायच्या. हा निळीची पुडी आणि कानस घेऊन ओट्यावर बसायचा. कुणाला बरं वाटायचं, कुणाची कवळी दोन दिवसांत ढिली व्हायची, ती माणसं परत येत नसत. परत येणारेच डोळ्यांना दिसतात. त्यामुळं त्याची खात्री वाढतच गेली.

माझे चार दात मोपेडवरून पडण्यात गेले होते. त्यांच्या जागी तारेनं शेजारच्या दातांना अडकवायचे खोटे बसवले. तार एका बाजूला टोचायची. राजय्यानं पकडीनं ती जराशी वळवली आणि टोचायची थांबली. मीही ते दात रात्री काढत नसे. बायको गेल्यापासून घरी मुलगा-सून, त्यांच्यासमोर सकाळी बोळकं घेऊन कोण उठणार. टाळूला चहा झोंबायला लागला होता, त्याला मी सुनेच्या हाताचं आलं जास्त झालं म्हणायचो.

आता त्या २०१८ सालाचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला राजय्याच्या खालच्या हिरडीवर डाव्या अंगाला, गालाकडून, एक फोड आला. नेहमीचंच. त्यानं नीळ लावली, घासलं. दोन दिवसांनी परत घासलं. फोडाची जखम झाली, ती भरेना. त्यानं आणखी घासलं. कवळीची ती कड झिजून झिजून नखाएवढी पातळ झाली, मग कवळीच ढिली पडली, बोलताना टकटक वाजायला लागली. तेव्हा त्यानं तिच्याखाली कापूस भरला, आणि कापूस धरून राहावा म्हणून मैद्याची खळ लावली, सुताला लावतात तशी. सोलापूरच्या उन्हात तोंडातली खळ किती टिकणार, आंबून वास मारायची. आम्ही ओट्यावर शेजारी बसायचो. हळूहळू मी त्याच्या डाव्या बाजूनं उजव्या बाजूला बसायला लागलो. त्याला ते कळलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच माझ्यापासून हातभर सरकून बसला.

खाण्यात आधी कडक भाकरी सुटली, मग मऊ भाकरी. मग नरसव्वा भात मिक्सरमधून काढायला लागली. चहा बशीत गार करून उजव्या गालानं ओढायचा. कान दुखतो म्हणायचा, डावा. मी म्हटलं डॉक्टर गाठ. तो म्हणाला, अजून जागा सापडंना, सापडली की झालं.

त्याचा मुलगा श्रीनिवास चिंचोळी एमआयडीसीत कामाला, राहायला जुळे सोलापूरला. बाप त्याचं ऐकायचा नाही, पण सून रडली म्हणून एकदा दातांच्या मोठ्या दवाखान्यात जायला तयार झाला. मला बरोबर घेतलं. तिथं खुर्चीत बसवलं, वर दिवा लावला. शिकणारी पोरंपोरी भोवती उभी होती. एक पोरगी, आमच्या नातीच्या वयाची, चांगल्या आवाजात म्हणाली, आजोबा, कवळी काढून या ट्रेमध्ये ठेवा. राजय्यानं तिच्याकडं बघितलं, मग उभ्या असलेल्या बाकीच्यांकडं. मग खुर्चीचा हात धरून उठला, खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि चालायला लागला. श्रीनिवास मागं पळाला, विनवण्या केल्या. त्या पोरांना शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई तिथंच होत्या, त्या रागावल्या नाहीत. मला थांबवून म्हणाल्या, निदान एवढं करा, कवळी पूर्ण काढून ठेवा. कवळीनं झालेली जखम असेल तर दोन आठवड्यांत भरेल. नाही भरली तर एक दिवसही घरी ठेवू नका त्यांना.

रिक्षात तो मला म्हणाला, "पोरी उब्या हुत्या की रे, वैराग. त्यांच्यासमोर तोंड रिकामं करू?"

मी तरी केलं असतं काय.

पण डॉक्टरबाईचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी हट्टी माणूस आहे, एकदा बसलं की बसलं. आठ दिवस रोज ओट्यावर त्याच्या मागं लागलो, काढून ठेव. तो नाही म्हणायचा. शिव्यासुद्धा दिल्या त्यानं. एकदा म्हणाला, धोटा काढून माग चालवतोस काय? तेव्हा मला सापडलं काय बोलायचं ते.

"जॉबर, सारखा धागा तुटायला लागला की तू पयलं काय सांगायचास?"

त्यानं मान माझ्याकडं वळवली.

"माग बंद कर म्हणायचास. चालू मागावर हात घालू नको म्हणायचास. इतके दिवस चालू मागावर घासत बसलायस तू."

त्यानं गल्लीकडं तोंड फिरवलं. नळाला पाणी आलं होतं, बाया घागरी लावत होत्या. मग उठला आणि घरात गेला. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून राजय्या बाहेर आला नाही. नरसव्वानं सांगितलं, दोन्ही कवळ्या स्टीलच्या वाटीत पाण्यात घालून देवाच्या फळीवर ठेवल्यात, आणि हे आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलेत. लेक-सून आली तरी टॉवेल काढला नाही. गल्लीतली माणसं विचारायची, जॉबर गावाला गेलाय काय? मी व्हय म्हणायचो. त्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. दुखणं सोसणं वेगळं, हे वेगळं. मी रोज संध्याकाळी दारात उभा राहायचो आणि बाहेरूनच विचारायचो, बंद हाय न्हवं? आतून टॉवेलातला आवाज यायचा, बंद हाय.

सगळ्यांनाच वाटत होतं की भरेल. मला तर पैज जिंकल्यासारखं वाटायला लागलं होतं. तंबाखूही सुटली होती. वास कमी झालाय, असं नरसव्वा म्हणाली.

मुदत संपली त्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावलं. आतल्या खोलीत तो खाटेवर बसला होता, खिडकीकडं तोंड करून. टॉवेल खांद्यावर होता. पहिल्यांदा मी त्याचा चेहरा तसा बघितला. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला आलेली. माझ्या ओळखीचे फक्त डोळे होते. खाटेवर निळीची पुडी उघडी पडली होती आणि बोट निळं होतं.

तो म्हणाला, शब्द सगळे पसरट झाले होते, पण मला कळले, "काय लागत न्हाय, वैराग. तरी धागा तुटतोय."

मी म्हटलं, म्हणजे?

त्यानं नरसव्वाकडं बघितलं. तिच्या हातात टॉर्च होती. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तेलुगूत, लहान पोराला म्हणावं तशी म्हणाली, "नोरु तेरवू." तोंड उघड. आणि ज्या माणसानं तिला मी मेल्यावर बघ म्हणून सांगितलं होतं, त्यानं तोंड उघडलं.

वर टाळू सगळी लालभडक, साय धरल्यासारखी पांढरट. ते जुनं दुखणं, कवळीखाली हवा न लागता कुजलेलं. पण डाव्या बाजूला खाली जे होतं ते जुन्यासारखं नव्हतं. कड उचललेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, मध्ये खड्डा. त्यावर त्यानं नीळ लावली होती, नेहमीसारखी. वर काही नव्हतं, दाबायला काही नव्हतं, घासायला काही नव्हतं. निळा डाग तिथंच राहिला होता.

नरसव्वाच्या हातातली टॉर्च हलली नाही. तिनं नीट बघून घेतलं, मग बंद केली.

"श्रीनिवासला बोलवा," राजय्या म्हणाला. "बाहेरचा मिस्त्री आणा म्हणावं."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते घराघरात झालेलं आहे आणि सगळीकडं सारखंच असतं. तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडी वैरागवरून जाते. माझं गाव आलं तेव्हा त्यानं खिडकीतून माझी शाळा कुठली ते बोटानं विचारलं आणि मी दाखवली. तिच्याकडं बघून त्यानं चार बोटं वर केली. चौथी पास. एवढ्यातही त्याला चेष्टा सुचत होती.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? श्रीनिवासनं मान खाली घातली. मी म्हणालो, कवळी घासत होते. त्यांनी माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. मी पण त्यांच्याकडं बघितलं. कवळी टोचली की घासून बरं होतं, हे खोटं नव्हतंच. शंभरदा झालं होतं. एकदा नाही झालं.

खालचा जबडा डावीकडून काढला. छातीचं मांस आणून गालाला आणि ओठाला लावलं. मग लाइट दिले, म्हणजे किरणांचा शेक. त्यानं तोंड आतून भाजून निघालं, लाळ आटली, नाकातल्या नळीनं दूध आणि ज्वारीची पेज. नरसव्वा विड्या वळायचं सोडून नळी धुवायला शिकली. बोलणं गेलंच होतं. मी जायचो, शेजारी बसायचो. मी बोलायचो, तो पालथा हात माझ्या हातावर ठेवायचा, जसा मागावर ठेवायचा. मी थापा मारायला लागलो की हात काढून घ्यायचा.

एकदा त्यानं फळीवरची वाटी मागितली. कवळ्या पाण्यातून काढल्या, खालची उचलली आणि उजेडात धरून झिजलेली कड बघत बसला. बोट फिरवलं. मग ओठावरून फिरवायला वर नेली आणि तसाच थांबला. तिथं ओठ आता दुसऱ्या मांसाचा होता, त्याला काही कळत नव्हतं. त्यानं ती परत पाण्यात सोडली. मग एक हात माझ्या हातावर ठेवून दुसऱ्यानं माझ्या चार दातांकडं बोट दाखवून विचारलं. मी म्हटलं माझं ठीक हाय. त्यानं हात काढून घेतला.

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपता तो गेला. गळ्यात गाठ येऊन कॅन्सर परत आला होता. भरदुपारी गेला, घरीच.

माणसं जमायच्या आत नरसव्वानं मला आत बोलावलं. अंघोळ घालून झाली होती. तिच्या हातात ती वाटी होती. म्हणाली, अण्णा, दात घाला त्यांचे. असं लोकांनी बघायला नको. श्रीनिवास म्हणाला, काका, खालची बसणार न्हाय, जबडाच न्हाय. ती म्हणाली, मग वरची घाला.

मी खाली बसलो. तोंड उघडायला वेळ लागला. वरची कवळी घातली, ती राहीना. माणूस वाळला होता, टाळू आणि कवळी यांचं आता जमत नव्हतं. मी बोटानं वर दाबून धरली आणि श्रीनिवासला हनुवटीखालून कापड घेऊन डोक्यावर गाठ मारायला सांगितली. गाठ बसली तशी कवळी बसली. वरचा ओठ भरला. एवढ्यानं त्याचा चेहरा परत आला, निम्मा. खाली नरसव्वानं त्याचाच टॉवेल घातला, तो धरायचा तसा, फक्त नाकापर्यंत नाही, वरच्या ओठाच्या खालपर्यंत. वरचे दात दिसत राहिले. पांढरे फटक.

खालची कवळी श्रीनिवासनं त्या कानशीबरोबर फलालीनच्या तुकड्यात गुंडाळली आणि पांढऱ्या कापडात बापाच्या हाताशी सरकवली. मग दार उघडलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या आल्या, ज्यांच्या कवळ्या त्यानं ओट्यावर बसून घासल्या होत्या त्याही आल्या. वाकून बघितलं आणि एकजण म्हणाली, जॉबर अगदी होते तसे दिसतात. नरसव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही तिच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला नाही. सिटी बसनं त्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. नंबर आल्यावर खुर्चीत बसवलं, वर दिवा लावला, पोरंपोरी भोवती उभी राहिली. एकीनं ट्रे पुढं केला. मी तार सोडवली, चारी दात काढून त्यात ठेवले. मागं दार उघडंच होतं, रांगेतली माणसं बघत होती. बघू दे म्हटलं. आणि तोंड उघडलं.